कॅमेरा ठेवा, खुरपं घ्या!

कासला जाऊन फोटो काढणं हा फंडा आता जुना झाला. फुलांचे माळ आणि गावातले हिरवे कोपरे जपायला खरंच काय लागतं? झाडं लावण्यापेक्षा हे काम बरंच वेगळं आहे. इचलकरंजीच्या ऑफिस-गँगसाठी थोडा हटके वीकएण्ड...

गणपती जवळ आले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक, मंडळाची पावतीपुस्तकं. दुसरी, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कासला कोण कोण येणार?' ही विचारणा. मग पहाटे पाचला इचलकरंजीतून निघायचं, वडगाववरून वाठारला हायवे धरायचा, कऱ्हाडच्या आसपास मिसळ हाणायची आणि ऊन चढायच्या आत साताऱ्याहून वर पठारावर. आठवडाभर कानात यंत्रमागाचा खडखडाट आणि डोळ्यांत एक्सेलच्या चौकटी घेऊन जगणाऱ्या माणसाला समोर जांभळ्या-पिवळ्या फुलांचा गालिचा दिसला, की तो पहिली दहा मिनिटं काही बोलतच नाही. अकराव्या मिनिटाला सेल्फी सुरू होतात. त्याबद्दल तक्रार नाही. एवढा रंग फुकट दिसल्यावर फोन खिशात ठेवायला साधुसंत व्हावं लागेल.

पण परतीच्या वाटेवर एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. हे सगळं असंच्या असं राहतं कसं? म्हणजे, याची निगा कोण राखतं?

सहा आठवड्यांचा शो, वर्षभराची मेहनत

सातारा शहराच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. खाली सगळा जांभा खडक आणि वर मातीचा पातळसा थर. काही ठिकाणी तर बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पावसाळ्यात खडकावर पाणी साठून दलदल होते, उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. अशा जागी मोठं झाड मूळ धरणार कुठं? म्हणून इथं राज्य आहे ते गवताचं आणि छोट्या वनस्पतींचं. त्यांना जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चार-पाच महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं असतं. टार्गेट आणि डेडलाइन म्हणजे काय ते या फुलांना विचारावं!

मातीत नायट्रोजनची बोंब, म्हणून काही झाडांनी थेट मांसाहार सुरू केलाय. 'सीतेची आसवं' या सुंदर नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. 'दवबिंदू'च्या पानांवरचे चमकणारे थेंब दवाचे नसतात, चिकट सापळे असतात. त्यांच्या शेजारी पांढऱ्या गेंदाचे गोंडे, तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा आणि मिकी माऊससारखं दिसणारं ते स्मिथियाचं फूल. डबक्यांच्या कडेला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा तुरा काढणारा वायतुरा. त्याचं शास्त्रीय नावच मुळी साताऱ्यावरून पडलंय, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. शास्त्राच्या पुस्तकात ही वनस्पती १९८२ मध्ये दाखल झाली आणि ती नोंदवणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव होते. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं कनेक्शन.

कासवर फुलणाऱ्या साडेआठशेच्या आसपास प्रजाती सांगितल्या जातात. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातल्या चार होत्या : कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. पेपरात बातमी आली आणि गर्दीचा पूर फुटला. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, फुलांत लोळून काढलेले फोटो, वेफर्सची पाकिटं. हे पठार टिकलं ते त्यानंतर जे झालं त्यामुळं.

आजूबाजूच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर उभ्या राहिल्या. प्रवेश शुल्क आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरली, गाड्या लांब लावून पुढे बसनं जायची सोय झाली. हंगामात तिथं शिट्टी वाजवून 'ओ दादा, पायवाटेवर या' म्हणणारी, पार्किंग सांभाळणारी, फुलाचं नाव सांगणारी आणि संध्याकाळी प्लास्टिक गोळा करणारी पोरं-पोरी याच गावांतली. हंगाम संपला की तुम्ही-आम्ही कासला विसरतो. त्यांचं काम चालूच असतं. गवत वाळलं की वणव्याची धास्ती. त्यासाठी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवायचा, आग लागलीच तर ती पुढं सरकू नये म्हणून. फेब्रुवारीच्या उन्हात हे काम करताना कुणी सेल्फी काढत नाही.

आता कुणी म्हणेल, त्यांना हंगामात रोज मिळतो, हे कसलं व्हॉलंटिअरिंग? माझं मत विचाराल तर हा शहरी चोखंदळपणा आहे. महिन्याचा पगार बँकेत जमा होणाऱ्या माणसाला रविवारचे चार तास फुकट देणं सोपं आहे. ज्याची जनावरं त्या पठारावर चरायची, ज्याच्या घरची लाकूडफाट्याची वाट त्याच पठारावरून जायची, त्यानं ती सवय मोडून दुसऱ्याला फुलं बघता यावीत म्हणून दिवसभर उभं राहायचं, हे जास्त अवघड आहे. तिकिटाच्या पैशातून गावाला काही मिळालं नाही, तर तो का उभा राहील?

कुंपण घातलं आणि फुलं रुसली

कासची खरी इंटरेस्टिंग गोष्ट मात्र कुंपणाची आहे. गर्दी वाढल्यावर पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. तर्क साधा होता. माणसं आत शिरणार नाहीत, फुलं तुडवली जाणार नाहीत. चराईही थांबली. छान! पण काही वर्षांत गावकरी आणि अभ्यासक म्हणू लागले, की काहीतरी बिनसलंय. गवत उंच वाढतंय आणि बुटकी फुलं कमी दिसतायत.

कारण डोकं खाजवल्यावर लक्षात येतं. म्हशी आणि गुरं शेकडो वर्षं त्या पठारावर चरत होती. ती उंच गवत खायची, त्यामुळं खालच्या वितभर फुलांना ऊन मिळायचं. खुरांनी माती थोडी हलायची, शेण पडायचं. गुरं बाहेर काढली आणि गवतानं सगळी जागा बळकावली. शेवटी २०२२ मध्ये कुंपण काढून टाकण्यात आलं. एकट्या कुंपणामुळंच फुलं घटली का, पाऊस किती, गर्दी किती, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हायलाही हवा. पण मुद्दा असा, की फुलांचा माळ ही 'हात लावू नका' अशी काचेच्या कपाटातली चीज नाही. त्याला थोडी चराई, थोडी कापणी लागते आणि ती कधी थांबवायची हे कळणारा माणूसही लागतो.

गंमत बघा, तिकडं इंग्लंडमध्येही हाच धडा लोक महागात शिकले. १९३० च्या दशकापासून तिथले सुमारे ९७ टक्के फुलांचे कुरण-माळ नष्ट झाले, कारण जमीन नांगरली गेली आणि खतं ओतली गेली. खत घातल्यावर फुलं कशी काय कमी होतात? तर जोरकस गवत फोफावतं आणि नाजूक फुलझाडं मरतात. आज तिथले स्वयंसेवक उन्हाळ्याच्या शेवटी लांब दांड्याच्या विळ्यांनी गवत कापतात आणि मुख्य म्हणजे कापलेलं गवत उचलून बाहेर नेतात. ते तिथंच कुजलं तर मातीला खत मिळेल ना! 'प्लांटलाइफ' या संस्थेची 'नो मो मे' नावाची मोहीम तर आळशी लोकांसाठी वरदान आहे. मे महिनाभर लॉनवर मशीन फिरवायचं नाही, बस्स. आपल्याकडे हेच करायचं तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर सोडावे लागतील, कारण आपला वसंत पावसाबरोबर येतो.

'झाडे लावा'चा ओव्हरडोस

आता थोडं कडू बोलू या. आपल्याकडे पर्यावरणासाठी काहीतरी करायचं म्हटलं, की मेंदूत एकच बटण दाबलं जातं : वृक्षारोपण. कंपनीचा वर्धापनदिन असो, साहेबांचा वाढदिवस असो, टी-शर्ट छापायचे, एका उघड्या माळावर जायचं, शंभर रोपं लावायची, बॅनरसमोर फोटो, वडापाव, घरी. राज्य सरकारनंही २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. आकडा दर वर्षी वाढत गेला, जमीन तेवढीच राहिली. मग रोपं जाणार कुठं? जिथं 'काहीच नाही' तिथं.

आणि हे 'काहीच नाही' म्हणजे बऱ्याचदा फुलांचा माळ असतो. मे महिन्यात त्याच्याकडे बघितलं तर करपलेलं गवत आणि दगड दिसतात. सरकारी कागदावर त्याला 'पडीक' म्हणतात. त्याच दगडांच्या फटीत कंदीलपुष्पाचा कंद झोपलेला असतो, हे मे महिन्यात बॅनर घेऊन आलेल्याला कसं कळणार? कंदीलपुष्प म्हणजे खरचुडी. फूल अक्षरशः छोट्या आकाशकंदिलासारखं. त्यात चिमुकली माशी शिरते, आतल्या उलट्या केसांमुळं अडकते, फूल कोमेजलं की अंगावर पराग घेऊन सुटते. त्यातल्या कित्येक जाती सह्याद्रीच्या दोन-चार डोंगरांपलीकडे जगात कुठंही नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या जपल्या गेल्या आहेत, त्यामागं डॉ. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षांची वणवण आहे. अशा माळावर खड्डे खणून ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला तर सावलीत सगळं संपतं. पठारांवर असं पूर्वी सरकारी खर्चानं झालेलंही आहे.

सीडबॉलचं तसंच. मातीच्या गोळ्यात बिया भरायच्या आणि घाटात फेकत जायचं. मुलांसाठी फन अॅक्टिव्हिटी वगैरे ठीक, पण त्या गोळ्यात कसलं बी आहे? हा प्रश्न विचारला तर आयोजक थोडे गडबडतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेला दिसणाऱ्या केशरी-पिवळ्या कॉसमॉसचंच उदाहरण घ्या. 'वॉव, काय फुललंय!' म्हणून आपण गाडी थांबवतो. ते मूळचं मेक्सिकोचं, बागेत शोभेसाठी आलेलं. बागेतून रस्त्यावर, रस्त्यावरून टेकडीवर. त्याच्या बिया टोकदार, कपड्याला चिकटतात आणि आपणच त्या एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर कुरिअर करतो. जिथं ते दाट होतं तिथं तेरडा आणि सोनकीला उभं राहायला जागा उरत नाही. गाजरगवताची कथा तर आजी-आजोबांनाही पाठ आहे. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि बघता बघता देशभर. गावाकडे त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात, ते त्या काळच्या सर्वव्यापी पक्षाला लोकांनी दिलेली पावती असावी! आणि इचलकरंजीकरांना परदेशी देखण्या फुलांबद्दल वेगळं सांगायला नको. पंचगंगेवर पसरणाऱ्या जलपर्णीलाही फार गोड जांभळी फुलं येतात.

तुमच्या नळाचा आणि मसाई पठाराचा संबंध

'कास लांब आहे हो,' असं म्हणणाऱ्यांसाठी : पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार आहे. इचलकरंजीतून दीड-दोन तास. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करणाऱ्यांच्या पायाखालून ते गेलेलंच असतं, धुक्यातून चालताना फक्त पुढच्या माणसाची बॅग दिसते म्हणून लक्षात राहत नाही एवढंच. मसाई देवीचं देऊळ, पठाराखाली लेणी आणि वर तोच जांभा, तेच गवत, पावसाळा संपताना तीच फुलं. आता त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. पण दर्जा कागदावर मिळतो, चाकोऱ्या जमिनीवर पडतात. फोर-व्हीलर पठारावर घालून गोल गोल फिरवायची, रील काढायचं, हा प्रकार पावसाळी माळाला सगळ्यांत जास्त मारतो. ओल्या मातीत चाक एकदा रुतलं की माती दबते, पाणी मुरत नाही, पुढच्या वर्षी त्या दोन पट्ट्यांत काही उगवत नाही.

आणि हे फक्त फुलांचं दुखणं नाही. मसाईच्या दक्षिण उतारावरचं पाणी कासारी नदीला मिळतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते. पंचगंगा कोल्हापूर ओलांडून आपल्या घाटापाशी येते. जांभ्याचं पठार म्हणजे स्पंज. पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू झऱ्यांतून सोडतं. साताऱ्याला तर पिढ्यान्‌पिढ्या कासच्या तलावाचं पाणी उतारानं येत आलंय.

२०१२ च्या जुलैत राधानगरी आणि कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हे वर आलंच. त्याच उन्हाळ्यात इचलकरंजीत काय चाललं होतं आठवतंय? काविळीची साथ. दूषित पाण्यातून आलेली, हजारो माणसांना झालेली, काही जीव घेऊन गेलेली. दवाखान्यांत खाटा पुरत नव्हत्या. एकाच नदीच्या उगमाकडच्या जंगलाला जगानं मेडल दिलं आणि त्याच नदीच्या काठावरचं शहर सलाइन लावून बसलं होतं. यामागं जुन्या पाइपलाइनपासून सांडपाण्यापर्यंत पुष्कळ कारणं होती, पठारावरच्या फुलांनी ती साथ रोखली असती असं मुळीच नाही. पण डोंगरावरचा झरा आणि शहरातला नळ ही दोन वेगळी खाती नाहीत, एवढं त्या वर्षीच्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या तरी कळतं.

बरं, मग करायचं काय?

पहिली गोष्ट, हीरोगिरी नको. चार मित्र, एक खुरपं आणि उत्साह घेऊन थेट राखीव वनात शिरू नका. काय उपटायचं आणि काय नाही हे माहीत नसेल तर तण समजून तुम्ही नेमकं खरचुडीचंच वेल उपटाल. वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात जाऊन विचारणं, पत्र देणं, त्यांचा माणूस बरोबर घेणं, हे बोअरिंग वाटतं, पण हेच पहिलं काम. जिल्ह्यात काय उगवतं याची मोठी जंत्री डॉ. यादव आणि डॉ. सरदेसाई यांनी २००२ मध्येच पुस्तकरूपानं करून ठेवलीय, 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट'. जाडजूड आहे, रविवारच्या पुरवणीसारखं वाचता येणार नाही. पण कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातला एखादा विद्यार्थी बरोबर असला की काम होतं. आणि त्याला चहा पाजायला विसरू नका.

दुसरं, श्रमदानाची सवय आपल्याला नवीन नाही. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी किती ऑफिसवाले एक मेच्या सुट्टीत गावाकडे टिकाव-फावडं घेऊन गेले! तळहाताला फोड आले, दोन दिवस कंबर धरली, पण पुढच्या वर्षी तीच मंडळी परत गेली. चर खणण्यात लगेच आकार दिसतो, ते एक समाधान. माळ जपण्यात तसं काही दिसत नाही. कॉसमॉस उपटलेली जागा फोटोत फक्त रिकामी दिसते. ज्यांना हे चालेल त्यांनीच या वाटेला यावं.

आणि मंडळं! इचलकरंजीत पोरं जमवायची कला कुणाला शिकवायची गरज आहे का? दहा दिवस रात्री दोनपर्यंत डेकोरेशन करणारे हात आहेत, टेम्पो आहेत, वर्गणी आहे, कामांची वाटणी करणारा एक खंबीर अध्यक्षही असतो. एखाद्या मंडळानं देखाव्याऐवजी शहरातला एक ओढा किंवा एक मोकळी जागा वर्षभरासाठी घेतली तर? विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी तण काढणं, मार्च ते मे पाणी घालणं. रोप लावल्यावर त्याला पहिले तीन उन्हाळे कुणी पाणी घातलं, यावर सगळं ठरतं. पुण्यातल्या टेकड्यांवर मॉर्निंग वॉकला जाणारे आजोबा दोन हातांत दोन कॅन घेऊन चढताना दिसतात. त्यांचं जिम तिथंच होतं.

लांब जायचंच नसेल तर शहरातल्या झाडांकडे बघा. रस्त्याकडेच्या झाडांना क्लासेसच्या पाट्या ठोकलेल्या असतात. 'अंघोळीची गोळी' असं भन्नाट नाव असलेल्या तरुणांच्या संस्थेनं पुण्यात 'खिळेमुक्त झाडं' ही मोहीम काढली. रविवारी सकाळी पक्कड, कटावणी घेऊन जमायचं आणि झाडांतले खिळे, तारा, स्टेपलच्या पिना उपसायच्या. पुढं ती राज्यातल्या इतर शहरांतही पोचली. यात एक मजा आहे. उपसलेले खिळे बरणीत जमा होतात, त्यांचं वजन करता येतं. आकड्यांवर प्रेम करणाऱ्या अकाउंट्सवाल्यांना याहून चांगलं व्हॉलंटिअरिंग मिळणार नाही. लोखंडी ट्री-गार्डही बघा. रोप मोठं झालं, पिंजरा तसाच, आणि झाडाच्या कमरेत रुतलेला पट्टा. तो सोडवायचा, मात्र पालिकेच्या उद्यान विभागाला सांगून.

पालिकेवरून आठवलं. इचलकरंजीची महापालिका झाली २०२२ मध्ये. महापालिका म्हणजे मोठ्या जबाबदाऱ्या. नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे, झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' म्हणून जास्तीचं संरक्षण आहे. तुमच्या गल्लीतल्या वडाचं वय किती? शेजारच्या आजींना विचारा, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो केवढा होता. अशी माहिती सरकारी गणनेत कधीच येत नाही.

त्याशिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिनं 'लोक जैवविविधता नोंदवही' करायला हवी. आपल्या हद्दीत कोणती झाडं, पक्षी, फुलं, मासे आहेत आणि लोकांना त्यांची काय माहिती आहे, याची ती वही. देशभर हे काम रेंगाळलं, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठोकून दिली. मग ठिकठिकाणी घाईघाईत वह्या भरल्याची टीका झाली. म्हणजे दुरुस्तीला भरपूर वाव! आपल्या शहराची वही बघायला मागा. नदीकाठ, जुन्या विहिरी, गिरण्यांची मोकळी आवारं, आळत्याच्या रामलिंग-धुळोबाचा डोंगर, बाहुबलीची टेकडी, यातलं जे आपल्या हद्दीत येतं ते आपल्या वहीत, बाकीचं त्या त्या ग्रामपंचायतीच्या वहीत. फोनवर फुलाचा फोटो काढायची खाज आहेच, तर तो आयनॅचरलिस्टसारख्या अॅपवर तारीख आणि जागेसकट टाका. दहा वर्षांनी कुणी अभ्यास करायला बसलं तर तुमच्या सेल्फीपेक्षा त्या फोटोला जास्त भाव येईल.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं करताना पहिल्या रविवारी वीस जण येतात, दुसऱ्या रविवारी नऊ, तिसऱ्या रविवारी तिघं आणि त्यातला एक आदल्या रात्रीच्या पार्टीमुळं उशिरा. ग्रुप मोडतात ते इथं. म्हणून सुरुवातीलाच जागा छोटी घ्यावी, एका क्रिकेटच्या पिचएवढी. ती तिघांना झेपते. आख्खा डोंगर हिरवा करायच्या शपथा घेणारे ग्रुप बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच आटोपतात.

जाताना पूर्ण पँट, पायात धड बूट, हातात ग्लोव्ह्ज. गाजरगवतानं कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, दम्याच्या लोकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कासला जाणार असाल तर बुकिंग आधी करा, शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा, रजा टाकायला याहून चांगलं कारण नाही. पायवाट सोडू नका. परतताना पँटला आणि बुटाच्या लेसला चिकटलेल्या बिया तिथंच खाली न झटकता कागदात गुंडाळून आणा आणि घरी कचऱ्यात टाका.

आणि कॉसमॉस उपटायचं ठरलंच, तर दिवाळीची वाट बघू नका. फूल उमललं की ते ओळखू येतं, पाकळ्या गळल्या की बी तयार व्हायला लागतं. मधले मोजके रविवारच हातात असतात. जमीन ओली असेतो मुळासकट हातानं निघतं, ओढ बसली की खुरपं लागतं.